वळलेली धार: डायपोलच्या एका 'बरोबर' उत्तराची तपासणी

प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. नळ अगदी बारीक सोडायचा, धार काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत पडू द्यायची आणि कोरड्या केसांतून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा तिच्याजवळ न्यायचा. धार कंगव्याकडे झुकते. कंगवा मागे घेतला की पुन्हा सरळ पडते.

तोंडी परीक्षेत मी एका विद्यार्थिनीला याचं कारण विचारलं. उत्तर तयारच होतं. "पाण्याचा रेणू हा विद्युत द्विध्रुव आहे. कंगव्यावर ऋण प्रभार असतो. त्यामुळे रेणूंची धन टोकं कंगव्याकडे वळतात आणि धार आकर्षिली जाते." मी पूर्ण गुण दिले. विद्यार्थी असताना मीही हेच उत्तर दिलं होतं आणि शिकवायला लागल्यावर कित्येक वर्षं तेच फळ्यावर लिहीत आलो होतो.

उठता उठता तिने विचारलं, "सर, पण नळ बारीकच का सोडायचा? जाड धार का नाही वळत?"

"जड असते म्हणून," मी म्हणालो.

"पण जाड धारेत रेणूही जास्त असणार ना? मग ओढही तेवढीच वाढायला हवी."

त्या दिवशी माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. पुढचे काही दिवस आम्ही दोघांनी त्या पूर्ण गुणांच्या उत्तराची एकेक शिवण उसवून पाहिली.

डायपोल म्हणजे नक्की काय

एक धन आणि तेवढाच ऋण प्रभार, मध्ये थोडं अंतर: एवढाच डायपोल, म्हणजेच द्विध्रुव. बेरीज शून्य, पण दोघे एका जागी नाहीत, म्हणून परिणाम शून्य नाही. प्रभार गुणिले अंतर केलं की डायपोल मोमेंट मिळतो, ज्याला मराठी पुस्तकं द्विध्रुव परिबल म्हणतात. त्याला दिशा असते, ऋणाकडून धनाकडे. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत बाण बरेचदा उलटा, धनाकडून ऋणाकडे काढलेला असतो. दोन विषय एकाच दिवशी शिकणारी मुलं इथे हमखास गोंधळतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. दोन हायड्रोजन मात्र समोरासमोर न बसता सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात बसलेले असतात. त्यामुळे दोन्ही बंधांची ओढ एकमेकींना खोडत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो. तिथेही प्रत्येक बंध ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्याला किंचित ऋण आहे, पण दोन्ही बाजूंची वजाबाकी होऊन रेणूचा मोमेंट शून्य येतो. पाण्याचा मोमेंट १.८५ डीबाय आहे. हे एकक पीटर डीबाय यांच्या नावाचं. त्यांना १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर असा: एका इलेक्ट्रॉनएवढा पूर्ण प्रभार ०.०३९ नॅनोमीटर अंतरावर सरकवला तर जेवढा मोमेंट होईल, तेवढा. प्रत्यक्षात अंतर याहून थोडं मोठं आणि सरकलेला प्रभार इलेक्ट्रॉनच्या काही अंशाएवढाच असतो, पण गुणाकार तोच.

म्हणजे उत्तराचं पहिलं वाक्य पक्कं. अडचण पुढे आहे.

"टोकं वळतात आणि आकर्षिली जाते": या 'आणि'मध्ये काय लपलंय

मी तिला कंगवा बाजूला ठेवायला सांगितलं. दोन समांतर धातूच्या पट्ट्या घे, एक धन, एक ऋण. मधलं विद्युत क्षेत्र एकसमान आहे असं धर. त्यात पाण्याचा एक रेणू सोडला तर काय होईल?

"वळेल. मग धन पट्टीकडे जाईल."

"धन पट्टीकडेच का?"

थोडा वेळ शांतता. मग, "नाही. धन पट्टी त्याचं ऋण टोक ओढणार, ऋण पट्टी धन टोक ओढणार. दोन्ही सारखंच."

बरोबर. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की दोरी ताणली जाते, सरळ होते, पण जागची हलत नाही. एकसमान क्षेत्रात डायपोलवर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर असतो, निव्वळ बल शून्य असतं. टॉर्क डायपोल क्षेत्राला काटकोनात असताना सर्वांत जास्त आणि क्षेत्राच्या दिशेत आला की शून्य. नेमका उलटा उभा असतानाही टॉर्क शून्यच असतो, पण तो समतोल टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा; जरा धक्का लागला की गेला.

तेव्हा वळणं ही एक गोष्ट आणि ओढलं जाणं ही दुसरी. माझ्या अनुभवात डायपोलबद्दलची निम्मी चुकीची उत्तरं या दोहोंना एक मानल्यामुळे येतात. ओढ हवी असेल तर एका टोकाजवळचं क्षेत्र दुसऱ्या टोकाजवळच्या क्षेत्रापेक्षा जास्त हवं. डायपोलला क्षेत्र किती जोरकस आहे यापेक्षा ते जागोजागी किती बदलतं यातून ओढ मिळते. कंगव्याजवळ हे जमतं: जवळ क्षेत्र जोरदार, दूर मंद. रेणूचं धन टोक कंगव्याकडे असेल तर त्याच्यावरची ओढ ऋण टोकावरच्या ढकलीपेक्षा किंचित जास्त, आणि जी काय ओढ आहे ती या किंचित फरकाचीच.

कंगव्यावर धन प्रभार असता तर? रेणू उलटा फिरला असता आणि ओढ पुन्हा कंगव्याकडेच झाली असती. म्हणून घासलेल्या काचेकडेही धार झुकते आणि घासलेल्या प्लॅस्टिककडेही. हा डायपोलच्या बाजूचा भक्कम पुरावा वाटतो. मलाही वाटायचा. तो का नाही, ते पुढे येईलच.

किती रेणू खरोखर वळतात?

पुस्तकातलं चित्र आठवा. कंगव्याभोवती पाण्याचे सगळे रेणू कवायतीला उभे, धन टोकं कंगव्याकडे. हे चित्र फार मोठी फसवणूक करतं.

हिशोबासाठी साधे आकडे धरू. कंगव्यावर २० नॅनोकुलोम प्रभार, धार ३ सेंटिमीटरवर. तिथलं क्षेत्र येतं मीटरला सुमारे २ लाख व्होल्ट. ऐकायला प्रचंड. हवेतून ठिणगी पडायला साधारण ३० लाख लागतात, म्हणजे आपण त्याच्या पंधराव्या भागावर आहोत. एवढ्या क्षेत्रात रेणूला वळून जी ऊर्जा वाचवता येते, ती खोलीच्या तापमानाला त्याच्या वाट्याला येणाऱ्या उष्णतेच्या धडपडीपुढे किती? सुमारे तीन हजारावा भाग. वळवू पाहणारा एक हात आणि धक्के देणारी तीन हजार माणसं, अशी अवस्था.

१९१२ मध्ये डीबायनी कायमस्वरूपी डायपोलचा जो सिद्धांत मांडला, त्यात हाच झगडा आहे: क्षेत्र रांगेत उभं करतं, उष्णता रांग मोडते. त्यातून सरासरी कल काढला तर एकट्या, मोकळ्या रेणूसाठी तो वरच्या गुणोत्तराचा एक तृतीयांश येतो, म्हणजे दहा हजारात एक. आणि धारेतला रेणू मोकळा नसतोच. आजूबाजूच्या पाण्यामुळे आतलं क्षेत्र मंदावतं. सगळं धरून कल लाखात दोनच्या आसपास उरतो. कवायत नाहीच, भरबाजारातल्या गर्दीचा एखाद्या दिशेला जरासा रोख असावा, इतपत.

तिने वहीत हे लिहिलं आणि म्हणाली, "मग एवढ्याने धार वळेल?"

वळेल, पण केसाएवढी

वर्गात हा टप्पा आम्ही नेहमी गाळतो. चिन्ह बरोबर आलं, दिशा बरोबर आली की खूश. किती, हे कुणी विचारत नाही.

पाण्याच्या बारीक उभ्या धारेचं आडव्या क्षेत्रात जे ध्रुवीकरण होतं, म्हणजे रेणूंच्या कलामुळे अख्खी धारच जो डायपोल बनते, त्यावरून तिच्या प्रत्येक घनमीटरवर येणारी ओढ काढता येते. वरच्याच आकड्यांनी ती सुमारे ४७ न्यूटन येते. त्याच घनमीटर पाण्याचं वजन ९,८०० न्यूटन. गुणोत्तर अर्धा टक्का. धार सेकंदाला एक मीटर वेगाने पडत असेल आणि कंगव्याचा प्रभाव ५ सेंटिमीटरभर असेल, तर तेवढ्या वेळात ती ०.०६ मिलिमीटर सरकेल. केसाची जाडी. दिसणारही नाही.

प्रत्यक्षात धार सेंटिमीटरच्या भाषेत वळते.

आणि आता तिचा पहिला प्रश्न पुन्हा समोर आला. ध्रुवीकरणाची ओढ आकारमानाच्या प्रमाणात, वजनही आकारमानाच्याच प्रमाणात. धार दुप्पट जाड केली तरी गुणोत्तर तेच राहायला हवं. म्हणजे डायपोलमुळेच धार वळत असती तर बारीक आणि जाड धार सारखीच वळली असती. तिचा तर्क अचूक होता. चुकीचं होतं ते मी पूर्ण गुण दिलेलं उत्तर.

मग धारेला ओढतं कोण?

उत्तर नळातच होतं. धार हा हवेत तरंगणारा, एकटा पाण्याचा दंड नाही. ती वर नळाला जोडलेली आहे, नळ पाइपला, पाइप जमिनीला. आणि पाणी या कामापुरतं चक्क वाहक आहे.

हे वाक्य तिला खटकलं. "पाणी तर डायइलेक्ट्रिक. सापेक्ष विद्युतपारगम्यता ८०."

डायइलेक्ट्रिक म्हणजे वीज वाहू न देणारा, पण क्षेत्रात ध्रुवीकरण होणारा पदार्थ; ते किती होतं याचं माप म्हणजे विद्युतपारगम्यता. वाहक आणि डायइलेक्ट्रिक, दोन्ही खरं आहे. प्रश्न वेळेचा आहे. कुठल्याही पदार्थातले मोकळे प्रभार सरकून बाहेरचं क्षेत्र आतून पुसून टाकायला काही काळ घेतात. नळाच्या साध्या पाण्यात हा काळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी असतो. अतिशुद्ध पाण्यातही तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो. धार कंगव्यासमोरून जायला पाच शतांश सेकंद घेते. तेवढ्यात पाण्यातले आयन, म्हणजे प्रभार असलेले मोकळे कण, हवं तिथे जाऊन पोचलेले असतात.

तेव्हा घडतं ते असं. ऋण प्रभारित कंगवा जवळ आला की तो धारेतले ऋण प्रभार वर, नळाच्या दिशेने पिटाळतो आणि धन प्रभार खाली खेचून घेतो. जमिनीला जोडलेल्या कुठल्याही वाहकाजवळ प्रभार नेला की हेच होतं. हे साधं विद्युत प्रवर्तन. फरक इतकाच की हा वाहक पडत असतो. कंगव्यासमोरच्या धारेवर आता निव्वळ धन प्रभार आहे. बेरीज शून्य राहिलेलीच नाही, त्यामुळे क्षेत्रातल्या फरकावर अवलंबून राहायची गरज उरत नाही. अख्खं क्षेत्रच त्या प्रभाराला ओढतं.

आकडा? २ मिलिमीटर व्यासाच्या धारेवर त्याच कंगव्यामुळे एका मीटरला साधारण १०० नॅनोकुलोम या हिशोबाने प्रभार बसतो. त्यावरची ओढ मीटरमागे ०.०२ न्यूटन, धारेचं वजन मीटरमागे ०.०३१ न्यूटन. म्हणजे वजनाच्या जवळजवळ ६५ टक्के. आधीचा अर्धा टक्का आठवा. त्या ५ सेंटिमीटरमध्ये धार ८ मिलिमीटर सरकते आणि पुढे तिरकी पडत राहते. हा हिशोब ढोबळ आहे. कंगवा काही बिंदू नाही. पण दोन कारणांमधला फरक शंभर पटींहून मोठा असला की ढोबळ हिशोबही निकाल द्यायला पुरतो.

जाडीचंही कोडं सुटतं. धार दुप्पट जाड केली की वजन चौपट होतं, पण तिच्यावर बसणारा प्रभार जेमतेम पाव पटीने वाढतो. म्हणून नळ बारीक सोडायचा.

चिन्हाचं काय? कंगवा धन असेल तर धारेवर ऋण प्रभार खेचला जातो आणि ओढ पुन्हा कंगव्याकडेच होते. दोन्ही स्पष्टीकरणं इथे एकच भाकीत करतात. म्हणूनच चुकीचं स्पष्टीकरण इतकी वर्षं सुखाने नांदलं: ज्या एका कसोटीवर आपण ते घासून पाहत होतो, ती कसोटी दोघांमध्ये भेद करतच नव्हती.

भेद करणाऱ्या कसोट्या

पहिली सोपी आहे. धारेचे थेंब तुटतात तिथे, कंगव्यापासून दूर, निरोधक ठोकळ्यावर धातूचा डबा ठेवायचा आणि त्याला विद्युतदर्शक जोडायचा; प्रभार आला की याची धातूची पातळ पानं फाकतात. डायपोलची गोष्ट खरी असेल तर डब्यात शून्य प्रभार जमेल. कितीही वळले तरी रेणूंची बेरीज शून्यच. प्रवर्तनाची गोष्ट खरी असेल तर पानं फाकतील, आणि जमलेला प्रभार कंगव्याच्या विरुद्ध चिन्हाचा असेल. हा परिणाम नवा नाही. १८६७ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननी, याच तत्त्वावर यंत्र बनवलं: पाण्याचे दोन प्रवाह, दोन धातूची कडी, दोन डबे, आडवी-तिडवी जोडलेली. नुसतं पाणी थेंबाथेंबाने पडत राहतं आणि डब्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक साठतो. डायपोलचा तिथे कुणी उल्लेखही करत नाही.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते. नळाऐवजी तळाला भोक पाडलेलं भांडं नायलॉनच्या कोरड्या दोऱ्याला टांगायचं. जमिनीशी नातं तोडलं. आता धार धन प्रभार घेऊन खाली जाते, तेव्हा तेवढाच ऋण प्रभार भांड्यात मागे राहतो, आणि तो निघून जायला वाट नाही. भांडं ऋण होत जातं तसा धारेवर बसणारा प्रभार कमी होतो. लहान भांड्याला एवढं प्रभारित व्हायला सेकंदाच्या आसपास वेळ पुरेल असा हिशोब येतो. म्हणजे वळण ओसरायला हवं, आणि भांड्याला बोट लावताच परत यायला हवं. रेणूंच्या वळण्याला मात्र बोट लावल्या-न लावल्याने काडीचाही फरक पडायचं कारण नाही.

इथे आणखी एक जुना वर्गप्रयोग हिशोबात घ्यावा लागतो. हेक्झेनसारख्या अध्रुवीय द्रवाची धार वळत नाही, पाण्याची वळते. म्हणून ध्रुवीयतेची परीक्षा म्हणून हा प्रयोग दाखवतात. पण बारीक धारेच्या ध्रुवीकरणात विद्युतपारगम्यता ८० असली काय आणि २ असली काय, ओढीत फरक जेमतेम तिपटीचा पडतो. ८० वरून २ वर आल्याने ओढ नाहीशी होत नाही. नाहीशी होते ती वाहकता. ध्रुवीय द्रवांत आयन सहज विरघळतात, अध्रुवीय द्रवांत जवळपास नाहीत. प्रयोग परीक्षा घेतो मोकळ्या आयनांची, प्रमाणपत्र देतो डायपोलला. २००० साली रसायनशास्त्राच्या अध्यापनाला वाहिलेल्या एका नियतकालिकात या गैरसमजावर लेख आला होता. माझ्या हाती तो लागला फार उशिरा.

डायपोल कुठे खरंच मैदान मारतो

हे सगळं झाल्यावर ती जरा हिरमुसली. डायपोल म्हणजे नुसती पुस्तकी करामत की काय?

मी तिला क्षेत्र बदलायला सांगितलं. कंगवा नको, मिठाच्या पाण्यातला एक सोडियम आयन घे. प्रभार अवघा एका इलेक्ट्रॉनएवढा. पण अंतर ०.३ नॅनोमीटर. क्षेत्र काढ.

मीटरला सुमारे १६ अब्ज व्होल्ट. कंगव्याच्या ऐंशी हजार पट. इथे त्याच पाण्याच्या रेणूची वळण्याची ऊर्जा उष्णतेच्या धडपडीच्या २४ पट येते. एवढ्या जवळून रेणूला बिंदूसारखा डायपोल मानणं तितकंसं बरोबर नाही, कारण त्याची लांबी आणि हे अंतर आता एकाच पंक्तीत बसतात. तरी चित्र स्पष्ट आहे: इथे कवायत खरी आहे. ऑक्सिजनची बाजू आयनाकडे करून रेणू त्याला वेढून बसतात, आणि मीठ विरघळण्यामागचं एक मोठं कारण हेच. पुस्तकातलं ते शिस्तबद्ध चित्र चुकीचं नव्हतं, चुकीच्या पानावर छापलेलं होतं.

कागदाचे कपटे कंगव्याकडे उडी मारतात ते? तिथे दोन्हींची सरमिसळ आहे. कपटा कशालाच जोडलेला नाही, त्याची बेरीज शून्यच राहते, म्हणजे ओढ डायपोलचीच. पण हा डायपोल रेणू वळून झालेला असेलच असं नाही. दमट कागदात प्रभार एका कडेकडून दुसरीकडे सरकूनही तो तयार होतो. प्रवर्तित डायपोलवरची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने पडते. बिंदूप्रभारासमोर ती अंतराच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट, ओढ बत्तिसावा भाग. म्हणून कपटे दुरून ढिम्म असतात आणि जवळ येताच एकदम झेपावतात.

शेवटी तिने व्यवहाराचा प्रश्न विचारलाच. "सर, मग परीक्षेत काय लिहू?"

थोडा विचार करून मी तिला हे लिहून दिलं: "कंगव्यामुळे जमिनीशी जोडलेल्या धारेवर विरुद्ध प्रभार प्रवर्तित होतो आणि तो कंगव्याकडे ओढला जातो. असमान क्षेत्रात पाण्याच्या द्विध्रुवीय रेणूंवरही ओढ असते, पण ती त्यामानाने फार कमी असते." ती म्हणाली, "म्हणजे तपासणाऱ्याला द्विध्रुव शब्दही सापडेल." मग 'फार कमी' खोडून तिने तिथे 'वजनाच्या सुमारे अर्धा टक्का' असं लिहिलं.